वय नको, धूर बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या डिझेल गाड्यांवर चाललेला पत्रव्यवहार मी इथे कॅलगरीत बसून वाचतोय. एका वाचकाने लिहिलंय, 'पंधरा वर्षं झालेली प्रत्येक गाडी भंगारात गेलीच पाहिजे, जगात सगळीकडे हेच चालतं.' बाकी पत्र बरंचसं पटलं, पण 'जगात सगळीकडे' पाशी माझं घोडं अडलं. माझ्या दारात जी गाडी उभी आहे, तिला या देशात प्रवेश मिळाला तो ती पंधरा वर्षांहून जुनी होती म्हणूनच.

गाडी १९९३ ची टोयोटा लँड क्रूझर. जपानी बाजारासाठी बनलेली, सहा सिलिंडरचं ४.२ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, पुढचा-मागचा दोन्ही अ‍ॅक्सल सलग (म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस एकसंध), मॉडेलचा कोड एचडीजे ८१. या इंजिनासकट ही गाडी कॅनडात नवी कधी विकलीच गेली नाही. इथला नियम असा, की इथल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न बनलेली गाडी जपानहून आणायची, तर ती बनून किमान १५ वर्षं झालेली हवीत. अमेरिकेत हाच आकडा २५ आहे, १९८८ च्या कायद्यापासून. आणि भारतात बाहेरून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. एकाच गाडीने एका देशात यायला पोक्त व्हायचं आणि दुसऱ्या देशात कोवळंच यायचं. कॅनडाने जुन्या गाड्यांची आरती ओवाळली आहे असंही नाही. हौशी लोकांच्या थोड्याफार गाड्या येतील, त्यांना कशाला मानकांच्या कचाट्यात धरा, एवढाच तो हिशेब. पण आकडा हा असा सोयीने ठरवलेला असतो, गाडीच्या पोटात डोकावून कोणी ठरवलेला नसतो, हे मला सांगायचंय.

मी मूळचा तासगावचा. आमच्या अण्णांचं डिझेल पंप-नोझल दुरुस्तीचं दुकान होतं. इंजिनात डिझेल दाबून पाठवतो तो पंप, आत फवारतो तो नोझल. द्राक्षबागांचे ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, जीपा, टेंपो, सगळ्यांचे पंप आमच्याकडे यायचे. शाळेतून आलो की मला नोझल टेस्टरच्या दांड्यावर बसवायचे. दांडा दाबला की नोझलमधून फवारा उडतो. चांगला नोझल किरकिरतो आणि त्याचा फवारा धुक्यासारखा पडतो. खराब नोझल गुपचूप धार सोडतो. फवाऱ्यासमोर बोट धरायचं नाही, ते डिझेल कातडी फोडून आत घुसतं, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलं होतं. आणि धूर वाचायला शिकवलं होतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा म्हणजे डिझेल न जळता चाललंय, नाहीतर पाणी आत शिरतंय. निळा म्हणजे इंजिन तेल खातंय. अण्णा गिऱ्हाइकाला आरसी बुक कधी मागत नसत. "चालू कर" म्हणायचे आणि सायलेन्सरपाशी जाऊन उकिडवे बसायचे.

तर २०१७ साली डोक्यात हे खूळ शिरलं. जपानच्या लिलावांत अशा गाड्या निघतात आणि प्रत्येक गाडीसोबत तपासनीसाने भरलेला एक कागद असतो. त्यावर गाडीचं चित्र आणि चित्रावर खुणा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेला पत्रा, एस म्हणजे गंज आणि सी म्हणजे गंजून खाल्लेलं. मी दोन महिने रात्री हेच कागद वाचत बसायचो. एक गाडी फोटोत अगदी नवरीसारखी होती, पण होक्काइदोची. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि कागदावर खालच्या बाजूला एस आणि सी यांची रांगोळी होती. सोडून दिली. शेवटी दक्षिणेकडची, क्युशू बेटावरची घेतली. एक लाख ८७ हजार किलोमीटर झालेली. दाराच्या आतल्या कडेला तेल बदलल्याची चिकटपट्टी होती, आणि कप्प्यात सर्व्हिसचं पुस्तक, दर पाच हजारांना शिक्का मारलेलं. जपानी मला वाचता येत नाही, पण शिक्के मोजता येतात.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या गाड्या जपानमधून एवढ्या संख्येने बाहेर का पडल्या? टोकियोचे गव्हर्नर शिंतारो इशिहारा यांनी १९९९ मध्ये पत्रकारांसमोर काजळी भरलेली प्लास्टिकची बाटली धरून दाखवली होती, डिझेल गाड्यांमधून निघालेली. पुढे २००१ च्या कायद्याने टोकियो, ओसाका, नागोया या भागांत जुन्या डिझेल गाड्यांची नोंदणी चालू ठेवणं टप्प्याटप्प्याने बंद होत गेलं. म्हणजे माझी लाडकी गाडी ही एका अर्थी तिकडच्या शहरांनी हाकललेल्या जातीची आहे. ते चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही. कोट्यवधी माणसांच्या नाकाशी प्रश्न असतो तेव्हा सरसकट नियम करावा लागतो. माझं भांडण 'सरसकट' हाच एकमेव शहाणपणा आहे असं मानण्याशी आहे.

गाडी बोटीतून व्हँकुव्हरजवळच्या बंदरात आली आणि ट्रेलरवरून रॉकी पर्वत ओलांडून माझ्या दारात. मित्रांनी लगेच फोटो मागायला सुरुवात केली. छतावर रॅक कधी, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचा रहाट) कधी, एलईडीची पट्टी कधी? फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी, गाडी 'बनवणे' म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोर तेवढंच येतं. माझं पहिलं वर्ष गाडीच्या खाली पाठीवर झोपून गेलं, आणि गाडीच्या किमतीच्या जवळपास निम्मे पैसे सील, बेअरिंग आणि रबरी नळ्यांत गेले. त्यातलं एकही फोटोत दिसत नाही.

या इंजिनाची एक प्रसिद्ध खोड आहे. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाची बेअरिंग लवकर झिजतात. आवाज यायला लागेपर्यंत थांबलं तर क्रँकसकट सगळं जातं. म्हणून शहाणे लोक वेळेआधीच बदलतात, आणि बरं म्हणजे इंजिन न उतरवता, खालचं ऑईल चेंबर काढून हे काम होतं. मी रॉडची पहिली कॅप खोलली आणि बेअरिंगचं अर्धचंद्राकृती शेल हातावर घेतलं. वरचा राखाडी थर मधोमध उडून खालचं तांबं चमकत होतं, आईने चिंचेने घासलेल्या तांब्यासारखं. इंजिन चालताना काही म्हणजे काही कळत नव्हतं. नवी शेल बसवताना प्लास्टिकचा केसाएवढा धागा मध्ये ठेवून कॅप आवळायची, परत खोलायची आणि तो धागा किती चेपून रुंद झाला ते पट्टीवर मोजायचं. तेवढ्या रुंदीवरून फट किती ते कळतं. सहा वेळा आवळा, सहा वेळा खोला, मग सहाही परत, खरं आवळा. शनिवार-रविवार गेले.

त्याच वेळी टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांचा ताल राखणारा पट्टा, तोही बदलला. या गाडीच्या डॅशबोर्डवर बेल्टचा एक वेगळा दिवा आहे. दर एक लाख किलोमीटरला तो आपोआप पेटतो. बेल्ट बदला आणि दिवा परत मिटवा. गाडीच म्हातारी झाली असं तो दिवा सांगत नाही, अमुक वस्तूची वेळ झाली एवढंच सांगतो. ही अक्कल १९९३ च्या गाडीत आहे.

मग पुढची चाकं. या गाडीत पुढचा अ‍ॅक्सल पोलादी गोळ्याच्या आकाराच्या डब्यात संपतो. त्या डब्यात चाक वळतानाही ताकद पोचवणारा सांधा असतो आणि डबाभर ग्रीस. आतलं ऑईल सील गेलं की डिफरन्सिअलचं तेल डब्यात झिरपतं आणि ग्रीसमध्ये मिसळतं. मी डबा खोलला तर आतून काकवीसारखं काळं, दाट, नव्वद नंबरच्या तेलाचा भपकारा मारणारं काहीतरी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तो वास आठवडाभर गेला नाही. जेवताना मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. सगळं रॉकेलने धुऊन, नवं सील, नवी बेअरिंग, बाहेर नमद्याची नवी कड. बेअरिंग किती घट्ट बसलंय ते बघायला मी मासे तोलायचा स्प्रिंगचा ताणकाटा अडकवून ओढला. कंपनीच्या पुस्तकातही काट्यानेच ओढायला सांगितलंय. डावीकडचा सांधा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे घातला, म्हणजे झिजलेली बाजू मागे जाते आणि कोरी बाजू कामाला लागते. अण्णांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "चप्पल उलटी घालत्यात तसं झालं की रं हे." पण खूश होते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या गोष्टीकडे येतो. एवढं सगळं करूनही गाडी चढावर काळा धूर सोडायची. आरशात बघितलं की मागचा माणूस दिसेनासा. आणि पंपाच्या वरच्या झाकणातून डिझेल पाझरत होतं. इथे २००६ पासून डिझेलमधलं गंधक दहा लाखांत १५ भागांवर आणलंय. हवेला ते फार चांगलं, पण जुन्या पंपांतली जुन्या रबराची सीलं या नव्या डिझेलात आक्रसतात आणि गळायला लागतात. मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. इथली रात्र म्हणजे तिकडची सकाळ, अण्णा अंघोळ करून ओसरीवर बसलेले, वय ७८. "फोन पंपापाशी ने. हां. आता सायलेन्सरपाशी ने. पांढरा कागुद धर." मी नळीपुढे कागद धरला आणि बायकोने गाडी रेस केली. कागदावर कोरडी काळी काजळी, तेलाचा डाग नाही. "तेल खात न्हाई ती. डिझेल जास्त पितीया. कुणीतरी इस्क्रू पिळलाय बघ."

बरोबर होतं. पंपाच्या मागच्या अंगाला डिझेलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू असतो. तो आवळला की जास्त डिझेल जातं, गाडी जोरात पळते आणि काळा धूर ओकते. कारखान्याचं लाखेचं सील फुटलेलं होतं. आधीच्या मालकाने, किंवा त्याच्या मुलाने, मर्दानगी दाखवायला पिळला असणार. फोर बाय फोरच्या हौशी मंडळींत हा रोग सगळ्या देशांत आहे, आपल्याकडेही. धूर काढणं म्हणजे ताकद, असं त्यांना वाटतं. न जळलेलं डिझेल रस्त्यावर ओतण्यात कसली ताकद?

एका ट्रक दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये धूर मोजायचं यंत्र होतं. पैसे भरून आधी मोजून घेतलं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, असं चार-पाच वेळा, आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते यंत्र सांगतं. आकडा आला ३.१. आपल्याकडच्या पीयूसीत जुन्या डिझेल गाड्यांना, म्हणजे भारत स्टेज चार या धुराच्या मानकाआधीच्या, २.४५ ची मर्यादा आहे. म्हणजे माझी गाडी सांगलीत नापास. मग तीन आठवडे काम केलं. नोझल सहाही नवे. एअर फिल्टर नवा. पंपाचं झाकण खोलायच्या आधी अण्णांनी बजावलं, "खून कर. खून केल्याबिगर हात लावायचा न्हाई." खून म्हणजे खूण, इथल्या पोलिसांनी गैरसमज करून घेऊ नये. अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा ज्या दातेरी टोकावर बसतो तिथे पांढऱ्या रंगाची रेघ मारली, कारण एक दात जरी इकडचा तिकडे झाला तरी इंजिनाचा सगळा ताल बिघडतो. झाकण हळूच उचललं, तर खाली एक एवढीशी स्प्रिंग गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाच्या, आकड्यात अडकलेली. ती चिमट्याने सोडवताना हात असा थरथरत होता, की बायकोने टॉर्च धरून दुसरीकडे बघितलं. नवी सीलं घातली, स्प्रिंग परत त्याच आकड्यात. शेवटी मागचा स्क्रू, पाव-पाव फेरा करत, मागे फिरवला.

परत त्याच यंत्रावर गेलो. आकडा आला १.४. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या गाड्यांना जी १.६२ ची मर्यादा आहे, तिच्याही आत.

या तीन आठवड्यांत गाडीचं वय तीन आठवड्यांनी वाढलं होतं. वयाच्या नियमाने बघाल तर आधीही भंगार, नंतरही भंगार. धूर मोजणाऱ्याला मात्र फरक दिसला. हे यंत्र सगळं सांगत नाही, हेही लिहितो, नाहीतर उद्या कुणी जाणकार मला धरेल. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा त्यात पत्ता लागत नाही, आणि आजच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी जी जाळी असते तिची बरोबरी माझी गाडी जन्मात करणार नाही. म्हणून मी ती रोज ऑफिसला नेत नाही. त्याला बस आहे.

पुढचं भराभर सांगतो. थंडीत इथे उणे तीसपर्यंत पारा उतरतो. जपानच्या दक्षिणेकडून आलेल्या गाडीच्या रेडिएटरमधलं पाणी इथे गोठून ब्लॉक फोडेल, म्हणून सगळं कुलंट धुऊन काढून अर्धं-अर्धं मिश्रण भरलं, ते उणे ३७ पर्यंत टिकतं. इंजिनात विजेचा हीटर बसवला, रात्री गाडी म्हशीसारखी दावणीला, म्हणजे प्लगला बांधून ठेवायची. हेडलाइट बदलावे लागले. जपानी दिवे डावीकडे उजेड फेकतात, इथे डावीकडून समोरचा येतो. स्टिअरिंग उजवीकडे, ते माझ्यासारख्याला घरचंच. पण रस्ता मात्र उजवीकडचा, त्यामुळे ओव्हरटेक करताना समोरचं दिसतं ते डावीकडे बसलेल्या बायकोला. ती क्लीनरसारखी मान बाहेर काढून सांगते, "थांब… ट्रक आहे… अजून एक आहे… जा!" लग्नाला २० वर्षं झाली, एवढा विश्वास आधी कधी टाकला नव्हता.

आणि एक चूक. पहिल्या उन्हाळ्यात मीही मोहात पडलो आणि गाडी चार इंच उचलली, वर जड लोखंडी रॅक. गाडी हायवेवर दारू प्यायल्यासारखी चालायला लागली. उचलल्यावर पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन फिरतो आणि स्टिअरिंग सरळ यायला विसरतं, हे मला माहीत असायला हवं होतं. सगळं काढलं. दोन इंचांच्या स्प्रिंग, कोन सुधारणारे बुश, २८५/७५ आर १६ चे टायर, मागे प्लायवूडचे दोन खण मी स्वतः केलेले, हवेचा छोटा कॉम्प्रेसर आणि दोन स्टेपन्या. एवढीच माझी 'बनवलेली' गाडी. विंच अजून नाही. अडकेन अशा जागी शिरायचंच नाही, हा माझा विंच.

गेल्या वर्षी ऑगस्टअखेर आम्ही तिघं तिला घेऊन उत्तरेला गेलो. युकॉनमध्ये डॉसन गावाजवळून डेम्पस्टर हायवे सुरू होतो. नाव हायवे, पण सातशेहून जास्त किलोमीटर नुसती खडी. पहिला डिझेल पंप ३६९ व्या किलोमीटरला, ईगल प्लेन्स इथे. माझी टाकी ९५ लिटरची आणि गाडी लिटरला सात देते, त्यामुळे तिथे पोचेपर्यंत छातीत धडधड नव्हती. खालची जमीन कायमची गोठलेली आहे. तिला ऊब लागून ती वितळू नये म्हणून रस्ता खडीच्या जाड बांधावरून नेलाय, काही ठिकाणी आठ फुटांपर्यंत. बांधाच्या दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झालेली बुटकी झुडपं, आणि झाड नावाला नाही. टायरची हवा २६ पौंडांवर आणली होती, तरी आर्क्टिक वृत्ताची पाटी मागे टाकून तासाभरात खडीच्या पातीसारख्या तुकड्याने मागचा डावा टायर कडेला कापला. बदलायला पाऊण तास. पाऊस, आणि रस्त्यावरचा चिखल असा की वाळला की सिमेंट. बायकोने बॉनेटवर ठेवून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गरम केली, तोवर मुलीने नटा-बोल्टांचा हिशेब ठेवला. मग पील आणि मॅकेंझी या दोन नद्या तरीतून ओलांडल्या, इनुविक, आणि तिथून २०१७ मध्ये झालेल्या नव्या रस्त्याने थेट टुक्टोयाक्टुक, आर्क्टिक महासागराच्या काठापर्यंत. पाण्यात पाय घातले आणि लगेच काढले.

एवढ्या प्रवासात आम्ही रस्ता सोडून एकदाही टुंड्रात उतरलो नाही. तिथे टायरचा एक माग दशकानुदशकं तसाच राहतो. इकडे कॅलगरीजवळच्या डोंगरातही आखून दिलेल्या वाटांवरूनच गाडी न्यायची, ओढ्याच्या पात्रातून न्यायची नाही, कारण ओढ्यातले मासे तिथल्या गाळाने गुदमरतात. मग आपल्याकडचे व्हिडिओ बघतो, पावसाळ्यात सड्यांवर, जांभ्या दगडावरच्या त्या इंचभर मातीत जीपा गोल-गोल फिरवणारे. त्या मातीत महिनाभराचं आयुष्य असणारी फुलं असतात. गाडी जुनी असो की नवी, तिथे नेणाऱ्याला माझी अजिबात सहानुभूती नाही. हे विषयांतर झालं, पण आपल्या पुरवणीत तसला एक फोटो कौतुकाने छापला होता म्हणून लिहिलं.

आता त्या वाचकमित्रासाठी. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि नंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून केंद्राने चारचाकीसाठी याची फी ६०० वरून ५,००० रुपये केली. सरकारी गाड्या १५ वर्षांनी भंगारात जातात, तो नियम त्यांच्यापुरता. दिल्लीची गोष्ट निराळी. तिथे डिझेलला १० वर्षांची मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली. त्यावरची भवति न भवति संपलेली नाही. म्हणजे आपल्या राज्याच्या कायद्यात तपासणी आहे. तपासणी होते का, हा प्रश्न विचारा. गेल्या दिवाळीत गावाकडे भाच्याच्या गाडीची पीयूसी काढायला एका ठिकाणी गेलो. नळी सायलेन्सरमध्ये घातलीच नाही. नंबर प्लेटचा फोटो काढला आणि कागद हातात. मी म्हटलं, मोजा की. तो म्हणाला, "काका, पास आहे ना, मग कशाला?" इथेही फार निराळं नाही. अल्बर्टात खाजगी गाडीचा धूर दरवर्षी कोणी मोजत नाही. मी मोजून घेतला तो माझ्या पैशाने. दोन्हीकडे लाज वाटण्यासारखं आहे.

भाच्याला माझ्यासारखी गाडी हवी आहे. त्याला सांगितलं, तीन वर्षांच्या नियमात ती बसत नाही, नवी आणायची म्हणशील तर आयातशुल्क शंभर टक्क्यांहून वर, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा गाडीत मनाला येईल तसा बदल करता येणार नाही. तेव्हा मोठे टायर चढवायच्या आधी आरटीओत विचार. त्यापेक्षा एखादी जुनी एमएम ५४०, महिंद्राची जीप, बघ, ते प्यूजोचं २११२ सीसीचं इंजिन अण्णा डोळे मिटून खोलतात. आधी धूर बघ. कागद सोबत ने, पांढरा.

आमच्या गाडीचे यंदा तीन लाख किलोमीटर पूर्ण झाले. गेल्या मंगळवारी बाजारातून येताना डॅशबोर्डवरचा बेल्टचा दिवा पेटला. बेल्ट मागवलाय, येत्या शनिवारी काम काढलंय, आणि अण्णांना फोन चार्ज करून ठेवायला सांगितलंय.

आपला,
एक जुना वाचक
कॅलगरी, अल्बर्टा (मूळचा तासगावचा)